करणीची तार

उलकानआपाच्या अंगणात त्या सकाळी अवघे गाव लोटले होते. तिच्या बारा मधपेट्यांपैकी एकीची चौकट उचलून झाडपाला नि मंत्राने उपचार करणारा एसेनकुल ताबीब मध्यभागी उभा होता. त्याने आदिरशमान या वाळक्या रानवनस्पतीची धुरी दिली, ओठ हलवले, गवताची काडी अळीच्या घरात खुपसून हळूहळू वर ओढली. तिला तपकिरी, चिकट तार लागली. ती तुटता तुटेना.

"बघा, ही करणी. तीन पिढ्यांची आहे, ओढली तशी येतेय."

लोकांनी चेहऱ्यावरून हात फिरवून आमीन म्हटले. उकळत्या सरसासारखा कुजकट दर्प अंगणभर पसरला. ताबीब तीच काडी घेऊन दुसऱ्या पेटीकडे वळला.

"आके, ती काडी तिकडे नको," पशुवैद्य सायकाल त्या वडीलधाऱ्याला म्हणाली.

"पोरी, मंत्र काडीवर असतो. तुझ्या सुईत तो कुठला?"

सायकालने खिशातली आगकाडी त्याच चौकटीतील एका खचलेल्या, भोक पडलेल्या मेणाच्या झाकणात घातली. तशीच तार निघाली.

"मी तर तोंडही उघडलं नाही. निरोगी अळी पांढरी असते, तिची तार येत नाही. ही रोगानं सडलीय. आपा, आधी किती पेट्या अशा होत्या?"

"एकच," उलकान पुटपुटली. "ताबीबांनी तिचा मध मंतरून बाकीच्या सगळ्या पेट्यांतल्या माश्यांना चाटवायला सांगितला. आता चार झाल्या. माझा हिवाळा या पेट्यांवरच निघतो गं."

घरी आलेल्याने काही तोंडाला लावल्यावाचून जाऊ नये, ही आमची रीत. ताबीबाने ती माश्यांवर लादली, आणि रोगाचे बीज त्या मधातून पेटीपेटीत पोहोचले.

"त्या मधाला करणीच लागली असणार," ताबीब म्हणाला.

"मंतरल्यावर लागली का हो?" मागून एका म्हाताऱ्याने विचारले. ताबीब जोडे शोधू लागला.

रोग आणखी पसरू नये म्हणून, सायकालच्या सांगण्यावरून, माश्या पेटीत परतल्यावर तिन्हीसांजेला त्या चार पेट्या खड्ड्यात जाळून पुरल्या. उलकान शेवटपर्यंत उभी होती.

"बाकीच्या आठ वाचतील?"

"वचन देत नाही, आपा. त्यांनीही तो मध चाटलाय. दर आठवड्याला उघडून बघू."

ते अनिश्चित उत्तर मला त्या दिवसातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. सुज्ञहो, आजारी पोळे उघडून पाहावे, जाणत्यास दाखवावे. ईश्वराचे नाव घेऊन सडके अन्न निरोगी मुखात घालणे, याला मी उपासना म्हणणार नाही.