अठराव्या वर्षीचे दात

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. दचकू नका, प्लास्टरचा आहे. वरचे-खालचे मिळून माझे अठ्ठावीस दात आहेत आणि सगळे शाबूत आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म दातांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात झाला. पहिल्या वर्षी तिथे एकमेकांच्या दातांचे ठसे घ्यायला शिकवतात. माझ्या अठरा वर्षांच्या मालकिणीच्या तोंडात तिच्या रूममेटने ठशाचा गार लगदा दाबला, तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तरी दोघी हसत सुटल्या. त्या ठशांत प्लास्टर ओतलं आणि मी तयार झालो. शिकवणाऱ्या मॅडमनी मला हातात फिरवून पाहिलं. "दात असावेत तर असे!" म्हणाल्या. ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही.

सुरुवातीला माझी चंगळ होती. एकेका दातावर पेन्सिल टेकवून ती नावं घोकायची. पुढे पुस्तकं जाड झाली आणि माझ्या सुळ्याला खोलीच्या किल्ल्या लटकू लागल्या. तिचं जेवण सुटू लागलं. चहा आणि बिस्किटांवर दिवस निघायचा, म्हणून वर्गात तिचं नावच 'बिस्कीट' पडलं. पेशंटना मात्र ती दटावायची, "काका, झोपताना ब्रश केलाच पाहिजे हं!" आणि स्वतः तशीच अंथरुणावर पडायची. मला राग यायचा, पण बोलणार कसा?

"एकाच बाजूने का चावतेस गं?" रूममेटने एकदा विचारलं.

"सवय आहे," ती म्हणाली.

मॅडमची एक पद्धत होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या दातांचा नवा ठसा घेऊन पहिल्या वर्षीच्या जबड्याशेजारी मांडायचा. तिने नवा जबडा केला, तर डावीकडच्या खालच्या दाढेत खड्डा! प्लास्टरमध्ये हवा राहिली की असे खड्डे पडतात खरे. "बुडबुडा आहे," ती पुटपुटली. तिने चिमूटभर ओलं प्लास्टर लिंपलं आणि घासून गुळगुळीत केलं. मित्रांनो, दाढ किडली तोंडातली आणि बाईसाहेबांनी बुजवली प्लास्टरची!

मॅडमनी त्या दाढेवर नख फिरवलं, तशी खपली निघाली. "पुन्हा ठसा घे," त्या शांतपणे म्हणाल्या. दुसऱ्या जबड्यातही तिथेच खड्डा.

"बुडबुडा दोनदा एकाच जागी बसत नाही, बाळा. चल, खुर्चीत बस."

"मॅडम, काढावी लागेल?"

"आधी आ कर."

शेकडो पेशंटना 'आ करा' म्हणणारी ती, पण तिचं तोंडच उघडेना. तेव्हा माझा सगळा राग गेला आणि फक्त तिची काळजी वाटली. तीन वेळा खुर्चीत बसल्यावर दाढ वाचली. आणखी महिना गेला असता तर काढावीच लागली असती, असं मॅडम म्हणाल्या.

आता माझा मुक्काम बेसिनवर, तिच्या ब्रशशेजारी आहे. तिनेच मला तिथे ठेवलं. रोज दोनदा ती माझ्याकडे बघत दात घासते, डावीकडे जरा जास्तच वेळ. पाण्याचे शिंतोडे उडून माझ्या दाढा झिजू लागल्या आहेत. मित्रांनो, तुम्हीही सांभाळा आपले दात. दुखेपर्यंत थांबू नका. माझ्या दाढा झिजल्या तर झिजू देत, तिच्या शाबूत आहेत.