भुरळ

तंटामुक्ती समितीचा कागद लिहायला गावाला कमलाकर गुरुजी लागतात, म्हणजे मी. पोलादपूरला तीस वर्षं मराठी शिकवल्याची ही शिक्षा. पळून जाऊन लग्न केलेल्या मुलींसाठी माझं एक वाक्य तयार असतं: ‘भुरळ पडल्याने हातून घडले, माफी असावी.’ त्याखाली सही झाली की भावकी गप्प बसते, मुलीला माहेरचं दार उघडतं, जावईही सणाला येतो. दोष कुणाचाच नाही, कारण भुरळ पडलेल्याचं मन त्याच्या ताब्यात नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. या वाक्याचा मला थोडा गर्वही होता.

परवा भागोजीची लेक पूजा आली. महाडात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या विनीतशी तिने रजिस्टर लग्न केलं होतं, आणि तो जातीतला नव्हता. ग्रामपंचायतीत भावकीचे पाच-सहा जण तोंडं वाकडी करून बसले होते. भागोजी भिंतीला टेकलेला. लेक घरी येणार म्हणून त्याच्या बायकोने, रंगूबाईने, सकाळीच भाकऱ्या थापल्यात, हे त्याने मला आधीच कानात सांगितलं होतं.

मी कागद पुढे केला. पूजाने तो वाचला.

“गुरुजी, मला भुरळबिरळ नाही पडली. दोन वर्षं विचार केला. त्याचं घर बघितलं, त्याचा राग बघितला, मग हो म्हटलं.”

“अगं, लिहायची पद्धत आहे ती. सही कर आणि घरी जा.”

“आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी माझ्या डोक्याने केली. तीसुद्धा भुरळीच्या नावावर टाकू?”

मला राग आला. भलं करायला जावं, तर ही मलाच शिकवते! तिने माझं वाक्य खोडलं, खाली ‘मी विचार करून लग्न केले’ असं लिहिलं आणि सही केली.

भावकी उठली. त्यांच्यातला चांगू म्हातारा जाताना म्हणाला, “मंग आता आमचा काय संबंध नाय.”

भागोजीला वाचता येत नाही. “काय लिवलान तिनं?” त्याने विचारलं. मी वाचून दाखवलं. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“खोटं नाय लिवलान,” तो म्हणाला. “पन गुरुजी, त्या तुमच्या शब्दाबिगर मी तिला घरात कशी घेऊ?”

मला माझीच लाज वाटली.

पूजाने चपला घातल्या आणि ती फाट्याकडे निघाली. भागोजी तिच्या मागोमाग गेला. महाडची एसटी येईपर्यंत तो तिच्या शेजारी उभा राहिला, आणि सगळं गाव बघत असताना तिची पिशवी त्यानेच गाडीत चढवली.