तीन भोकांची पट्टी

गाडी बघायला जायच्या आधीच हृतिकने ती मनातल्या मनात दारात आणून उभी केली होती. उलव्याहून पनवेलला येताना सगळी वाट तो तिच्याबद्दलच बोलत होता. सदुसष्ट सालची, विलायती, दोनच सीटची, कापडी छत मागे दुमडणारी, गडद हिरवी. डिसेंबरात त्याचं लग्न होतं आणि नवरी ह्याच गाडीतून आणायची, असं त्याने घरी जाहीरही करून टाकलं होतं.

"मला आधी बघू तर दे," सोबत आलेला शेजारचा कमलाकर घरत म्हणाला. "रंग बघून गाडी घेतात काय?"

"बघा ना काका. तुमी हो बोललात की मी हो."

हे हृतिकच नव्हे, पनवेल-उरण पट्ट्यातले बरेच जण म्हणत. कमलाकरची चाळीस वर्षं पत्रा ठोकण्यात आणि जोडण्यात गेली होती. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठ साथ देत नव्हती, म्हणून तो फक्त जुन्या गाड्या तपासून द्यायचा. त्याने नको म्हटलेली गाडी कुणी घेत नसे, आणि त्याने हो म्हटलेल्या गाडीबद्दल आजवर कुणाची तक्रार आली नव्हती. ह्या एका गोष्टीचा त्याला मनातून अभिमान होता.

गाडीचे मालक विश्वजीत साठे नवीन पनवेलमध्ये छोट्या बंगल्यात राहत. रसायनीकडच्या एका कारखान्यात इंजिनीअर होते, निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती. गाडी जमिनीलगत बसलेली, आणि त्यांचे गुडघे आता तिच्यात उतरू-चढू देत नव्हते, म्हणून विकायची. एरवी विकली नसती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. भाव फोनवरच जवळपास ठरला होता, बावीस लाख.

"सावकाश बघा," साठे म्हणाले. "दोन हजार तीन साली पुण्यातून घेतली. तेव्हापासून एक ओरखडा नाही तिच्यावर."

कमलाकरने कागद पाहिले. चॅसिस नंबर पुसून आरसीबुकाशी ताडून पाहिला, तो जुळला. इंजिन एका दमात सुरू झालं, धूर नाही, खडखड नाही. हृतिकने लगेच फोन काढून फोटो घेतले. मग कमलाकरने रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटवर टेकवलं. आकडा चांगला आला. पुढचे दोन्ही मडगार्ड, दरवाजे, सगळीकडे साधारण तोच. दाराच्या मागे वीतभर सरकल्यावर मात्र आकडा एकदम दहापट झाला. त्याने खिशातलं लोहचुंबक काढून तिथे लावलं. ते चिकटलं नाही, घसरून त्याच्या तळहातावर पडलं.

"इथे कधी ठोकली होती काय?"

"माझ्याकडे तरी नाही," साठे म्हणाले. "आधीच्या मालकाचं मला माहीत नाही."

पत्र्यावर पुट्टी भरलेली असेल, असं मनाशी म्हणत कमलाकरने चटई अंथरली आणि तो गाडीखाली सरकला. खालचा पत्रा काळ्या डांबरी थराने झाकलेला होता. सीटच्या मागच्या बाजूला, जिथे वर आकडा उडाला होता त्याच्या बरोबर खाली, त्याने स्क्रू ड्रायव्हरने थोडा थर खरवडला. टॉर्चच्या उजेडात पिवळं चमकलं.

पितळ होतं ते.

कारखान्यात गाडीच्या तळाला कुणी पितळेचा जोड मारत नाही. त्याने अजून चार बोटं खरवडलं, मग पलीकडच्या बाजूला. पिवळी रेघ सरळ ह्या दारापासून त्या दारापर्यंत गेलेली होती. दोन वेगवेगळ्या गाड्यांचे अर्धे-अर्धे भाग इथे एकमेकांना चिकटवलेले होते.

असे प्रकार त्याने आधीही पकडले होते. तरीही तो लगेच बाहेर आला नाही. दाराखालच्या पोकळ पट्ट्यात पाणी निघून जायला एक भोक असतं, त्याचा रबरी बूच त्याने काढला आणि टॉर्च आत धरला. आत आधाराला एक जाड लोखंडी पट्टी घातलेली होती, निम्मी गंजलेली. पट्टीला एका ओळीत तीन भोकं होती, आणि मधलं भोक चौकोनी होतं.

कमलाकरने टॉर्च आणखी जवळ नेला.

ती पट्टी त्याच्या घरच्या मिठागरातली होती. खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीच्या फळीवरची. शहाऐंशी साली तो वीस वर्षांचा होता आणि पळस्प्याला दादू मिस्त्रीच्या शेडमध्ये गॅसवर जोड मारायला शिकत होता. दादूने चेपलेल्या गाड्या आणल्या होत्या, कुणाचं पुढचं अंग धड, कुणाचं मागचं. म्हणाला, शूटिंगवाल्यांना पाहिजे, नुसती उभी करायची हाय, चालवायची नाय. आत घालायला जाड लोखंड हवं होतं, ते कमलाकरने घरून उचलून आणलं. बाप दोन दिवस ती पट्टी शोधत होता. कमलाकर काही बोलला नाही, आणि त्या गाड्यांचं पुढे काय झालं, हे दादूलाही त्याने कधी विचारलं नाही.

"काका, काय झालं? झोप लागली काय?" हृतिक वाकून विचारत होता.

तो बाहेर आला. गाडी नको, एवढं बोलून निघून जाता आलं असतं. दादू मरून पंधरा वर्षं झाली होती, दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं.

"ही गाडी घेऊ नको," तो हृतिकला म्हणाला. मग साठ्यांकडे वळला. "साहेब, ही एक गाडी नाय. दोन गाड्या कापून एक केलेली हाय."

साठ्यांचा चेहरा आक्रसला. "हे बघा, भाव पाडायचे प्रकार मी पुष्कळ पाहिलेत. वीस वर्षं ही गाडी मी घाटातून चालवलीय."

"भाव नाय पाडत. मला फक्त जॅक लावू द्या."

साठ्यांनी हातानेच 'लावा' असं सांगितलं. कमलाकरने दाराखाली मधोमध जॅक बसवला आणि दांडा हळूहळू फिरवू लागला. चाकं जमिनीवरून सुटायच्या बेतात आली तशी दाराची वरची फट रुंदावू लागली. साठे पुढे झाले, दार लावून पाहिलं, ते बसेना. कमलाकरने दांडा अजून अर्धा फेरा फिरवला.

कडकन आवाज झाला. दाराच्या मागे हिरव्या रंगाला वरून खाली तडा गेला, पुट्टीचा एक तुकडा फरशीवर पडून फुटला, आणि गाडीच्या अंगात करंगळी जाईल एवढी फट उघडली.

आवाजाने साठ्यांच्या पत्नी, रमाताई, बाहेर आल्या. त्या फटीपाशी गेल्या, वाकून पाहिलं. फटीतून पलीकडची फरशी दिसत होती.

"ही चालताना तुटली असती?" त्यांनी विचारलं.

कमलाकरला खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो, ताई. मोठ्या खड्ड्यात, कधीपण."

"आमची मुलगी दिपा हिच्यात गाडी शिकली," रमाताई म्हणाल्या. हे त्यांनी कुणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं. "खंडाळ्याला किती वेळा गेलोय आपण. पावसात गेलोय."

साठे पायरीवर बसले. मग इंजिनीअर माणसाला पडावा तसा प्रश्न त्यांना पडला. "तुम्ही खाली जाऊन पाच मिनिटं झाली नाहीत. जोड आहे हे कळलं, ठीक. पण बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा असा का झाला होता?"

"कारण जोड मी मारलाय," कमलाकर म्हणाला.

हृतिक त्याच्याकडे असा पाहत होता, जणू शेजारी दुसराच कुणी माणूस येऊन उभा राहिला होता. कमलाकरने उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. दादू, शेड, शूटिंग, पट्टी. स्वतःची बाजू घ्यायला त्याला कुठे जागाच सापडली नाही.

"काका," शेवटी हृतिकने विचारलं, "अशा किती केल्या?"

"दोन."

"मग दुसरी कुठाय?"

ते कमलाकरला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याने स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

साठे उठले. त्यांनी पिवळ्या रेघेचे, फटीचे, भोकातून दिसणाऱ्या पट्टीचे फोटो काढले. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक मोठा ग्रुप होता, राज्यभरातले लोक त्यात होते. "मी हे तिथे टाकणार," ते म्हणाले. "तुमच्या नावासकट. चालेल?"

"टाका. नंबरपण टाका माझा."

आठ दिवस फोन येत राहिले. काही नुसते शिव्या द्यायला, काही आपली गाडी तपासून घ्यायला. ज्यांनी त्याच्या शब्दावर गाड्या घेतल्या होत्या त्यांतल्या दोघांनी त्या दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतल्या. नवीन काम यायचं बंद झालं. कमलाकर प्रत्येक फोन उचलत होता.

नवव्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. नाव रूपा, साताऱ्याहून बोलत होत्या. ग्रुपमधल्या कुणीतरी त्यांना फोटो पाठवले होते.

"माझ्या भावाकडे अशीच गाडी होती," त्या म्हणाल्या. "लाल. आमच्या वडिलांनी, दादांनी, नव्वद साली मुंबईच्या दलालाकडून घेऊन दिली होती. मी तुम्हाला एक फोटो पाठवते. तो बघा आणि मला फोन करा."

वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणाचा फोटो होता. साल एक्क्याण्णव, कराडच्या अलीकडचा रस्ता. गाडीचा पुढचा भाग झाडाला टेकलेला, मागचा भाग वीस फुटांवर रस्त्यात. खाली छापलं होतं, भरधाव गाडीचे दोन तुकडे, तरुण जागीच ठार. कमलाकरने फोटो मोठा करून पाहिला. पत्रा कुठेही चोळामोळा झालेला नव्हता. दारांच्या मागे, सुरीने कापावी तशी, सरळ रेघेत गाडी वेगळी झाली होती.

तो खाटेवर बसला. फोन करायला त्याला संध्याकाळ झाली.

"तीच हाय, ताई," तो म्हणाला.

"माझा भाऊ निनाद तेवीस वर्षांचा होता," रूपाताई म्हणाल्या. "सगळे म्हणाले, उडाणटप्पू होता, वेगाने गेला, मेला. दादा शेवटपर्यंत त्याच्यावर चिडून होते. घरात त्याचा फोटो लावू दिला नाही त्यांनी. मला तुमच्याकडून एकच सांगा. ती तुटायला वेग लागत होता?"

"नाय. चाळीसच्या स्पीडलापण तुटली असती. रस्ता जरा वाईट असला की बास."

"मग तसं लिहून द्या. आणि इथे येऊन आईला वाचून दाखवा. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, तिला फोनवर ऐकू येत नाही."

कमलाकरने कागद लिहिला. जोड कसा मारला, कशाने मारला, का टिकणार नव्हता. खाली सही केली, पूर्ण नाव घातलं. हृतिक पंधरा दिवस त्याच्याशी बोलला नव्हता, पण साताऱ्याला जायचंय हे कानावर गेल्यावर तो पहाटे गाडी घेऊन दारात आला.

साताऱ्याच्या घरात म्हातारी खुर्चीत बसलेली होती, अंगाने अगदी थोडी उरलेली. कमलाकर तिच्या कानाजवळ बसला आणि मोठ्याने वाचू लागला. दोनदा तो अडला, त्याने ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. म्हातारीचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते, आणि त्यांत राग आहे की काय, हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

"गाडी वेगामुळे तुटली नाही," त्याने वाचलं. "चालवणाऱ्याची यात काही चूक नव्हती."

म्हातारीने हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

"हे परत वाचा," ती म्हणाली.