मुरू द्या

कारखान्यात त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत, आणि त्या नाकाला तीन वर्षं कसलाही वास येत नव्हता. एका तापात गेला तो गेलाच. सिगारची पारख करणाऱ्याचं नाक जाणं म्हणजे गवयाचा कान जाणं. पण गवई निदान बोंब तरी मारतो. नाकसाहेबांनी हूं की चूं केलं नाही.

हे गुपित एकट्या ताईला माहीत होतं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, एकाच घरात राहत होती. ताई पूर्वी त्याच कारखान्यात तंबाखूच्या पानांच्या शिरा काढायची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा घरी बसली. साहेबांचं नाक गेल्यावर वाट काढली तीही तिनेच. राख किती घट्ट, झुरका सैल की आवळ, जळण सरळ की तिरकं, हे साहेब दिवसा डोळ्यांनी आणि बोटांनी बघत. उरलेली अर्धी सिगार डब्यात घालून घरी आणत, कारण ताज्या जिभेने संध्याकाळी पुन्हा चव घ्यावी असा कारखान्याचा जुना नियमच होता. बाहेरच्या खोलीत खिडकीशी ताईची खुर्ची होती. साहेब तिच्याकडे धूर सोडत आणि ती डोळे मिटून सांगत जाई.

"उन्हात वाळलेलं पोतं. मग नव्या पेन्सिलीचं टोक. शेवटी जरा कडू, उगाच बोलणी खाल्ल्यासारखं."

साहेब मुकाट्याने उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई ते टिपण चारचौघांत वाचून दाखवत आणि म्हणत, असं नाक शोधून सापडायचं नाही. हे घरी सांगितलं की ताई खो खो हसे. "नाक तुझं, शिंका माझ्या!"

पाच महिन्यांपूर्वी ताई गेली. छातीचं दुखणं होतं. शेवटचा आठवडाभर तिचं एकच मागणं होतं, "धाकट्या, खिडकी उघड रे." गार वारा बाधेल म्हणून साहेबांनी ती उघडली नाही. याबद्दल ते कुणाशी बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा.

नेहमीच्या सिगारींचं जुनी टिपणं फिरवून फिरवून भागत होतं. मग एके दिवशी खास माल समोर आला. सगळ्या मिळून चारशे सिगार, नऊ वर्षं मुरवलेल्या पानाच्या. तसं पान पुन्हा मिळणार नव्हतं.

"तुमच्या ताईंच्या शेवटच्या हंगामातलं पान आहे हे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "शिरा सगळ्या त्यांनी काढलेल्या. तुमच्या शिक्क्याशिवाय एक पेटी हलायची नाही."

शिक्के तीन होते. 'मंजूर' मारला की माल देशोदेशी जाई. 'नामंजूर' मारला की त्याचा चुरा होऊन साध्या मालात मिसळे. तिसरा होता 'मुरू द्या'. तो मारला की माल तीन महिने पुन्हा मुरवणीच्या खोलीत, आणि नंतर एक नवा नमुना पुन्हा नाकसाहेबांपुढे.

संध्याकाळी त्यांनी अर्धी सिगार पेटवली. काय लिहावं ते कळत नव्हतं. सवयीने त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे धूर सोडला.

"अंगावर नको सोडूस," ताई म्हणाली. "केसांना वास लागतो."

खुर्ची रिकामीच होती. आवाज मात्र तिथूनच आला, रोजच्यासारखा, थोडा वैतागलेला. साहेबांना भीती वाटलीच, पण पाच महिने ज्याच्याशी घरात कुणी चकार शब्द बोललेलं नाही, त्याला भीतीचीही सोबत होते. त्यांनी दुसरा झुरका घेतला.

"जुन्या कपाटातला कागद," ती सांगू लागली. "मग जायफळ, थोडंसंच. आणि करपलेलं दूध. तुझंच काम ते! आई बजावून जायची, दुधावर लक्ष ठेव, आणि तू खिडकीतून बाहेर बघत बसायचास. बोलणी खायची मी." ती हसली. "छान झालंय हे धाकट्या. तयार आहे. जाऊ दे आता."

धूर विरला तसा आवाजही विरला. थोटूक विझल्यावर साहेबांनी कितीतरी हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

सकाळी तिन्ही शिक्के समोर घेऊन ते बसले. मंजूर करावं तर ताई चारशे अनोळखी तोंडांत जाणार. नामंजूर करावं तर तिचा चुरा. जन्मात दुसऱ्यांदा ते ताईच्या शब्दाबाहेर गेले.

"मुरू द्या?" मॅनेजरबाई चकित झाल्या. "आम्हाला तर तयार वाटलं होतं. पण तुम्ही म्हणता म्हणजे असेल काहीतरी."

पुढचे तीन महिने साहेब मजेत होते. सुट्टी जवळ आलेल्या शाळकरी पोरासारखे शीळ घालत कामावर जात. नमुना मिळाला त्या दिवशी ताईच्या खुर्चीवरची धूळ पुसून त्यांनी सिगार पेटवली.

"लाकूड," ताई म्हणाली. साहेबांनी आणखी एक झुरका घेतला. "ओल. आणि पुन्हा लाकूडच."

"जायफळाचं सांग ना. दुधाचं सांग."

"आहे. पण लांब आहे." मग हळूच, "धाकट्या, इथे खिडकी नाही का रे?"

साहेबांच्या हातातल्या सिगारची राख गुडघ्यावर पडली. मुरवणीच्या खोलीला खिडकी नव्हती. चारी बाजूंनी देवदाराच्या फळ्या, दाराला कुलूप, आणि हवा दमट राहावी म्हणून कोपऱ्यांत पाण्याची भांडी. ती काय म्हणते ते त्यांना पुरतं कळलं. पण कळतं पण वळत नाही, तशातली गत. सकाळी त्यांनी पुन्हा 'मुरू द्या' मारला, आणि कागदाकडे न बघता बाजूला सरकवला.

तिसऱ्या वेळी आधी नुसता श्वास ऐकू आला. साहेबांनी तो लगेच ओळखला. शेवटच्या आठवड्यातला, छातीत शिट्टी वाजणारा.

"कोण आहे बाहेर?"

"मी आहे ताई. धाकटा."

"कोणीही असा," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या, तेवढी खिडकी उघडा."

जन्मभर अरे-तुरे करणारी ताई त्यांना परक्यासारखं अहो-जाहो करत होती. साहेबांनी सिगार विझवली आणि तोंड दाबून रडले.

सकाळी 'मंजूर'चा शिक्का त्यांनी इतक्या जोरात मारला की कागद फाटला. मुरवणीच्या खोलीचं दार सताड उघडलं, पेट्या गाडीत चढल्या, गाडी गेली. साहेब फाटकाशी उभे होते. तेवढ्यात मॅनेजरबाईंनी एक पेटी त्यांच्या हातात दिली.

"ही साक्षीची पेटी. दहा आहेत. पुढे कधी ताडून बघायची वेळ आली तर असावी. नियमाप्रमाणे तुमच्या कपाटात, कुलपात."

कुलपात! साहेबांनी कपाटाची किल्ली खिशात टाकली, पेटी छातीशी धरली आणि चालत घरी आले. घरात कपाट होतं, कुलूपही होतं. दहा संध्याकाळी होत्या. विचारणारं कुणी नव्हतं. पेटी मांडीवर घेऊन ते खुर्चीसमोर बसले.

मग उठून त्यांनी खिडकीला हात घातला. वर्षभर बंद राहून ती फुगली होती. तळहाताने तीन-चार दणके दिल्यावर उघडली आणि गार वारा आत आला. स्टीलच्या ताटलीत दहाही सिगारी मांडून त्यांनी एकेक पेटवली, ताटली खिडकीत ठेवली आणि मागे सरले. वारा आत येत होता. धूर मात्र वाऱ्याच्या उलटा, सरळ रेघेत बाहेर जात होता.

"हां," ताई म्हणाली. आवाज खुर्चीतून नाही, खिडकीबाहेरून आला. तिने पोटभर श्वास घेतला; शिट्टी वाजली नाही. मग दूर जाता जाता, घाईघाईने, "दूध बघ रे, धाकट्या!"

आणि नाकसाहेबांना वास आला. साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा. दूध करपल्याचा, नाकात झोंबणारा. ते धडपडत स्वयंपाकघरात धावले. शेगडी बंद होती, हात लावून पाहिला तर थंडगार. पातेलं फळीवर पालथं होतं. ताई गेल्यापासून त्या घरात दूध येतच नव्हतं.