तीन तुकड्यांचा मल्लखांब

खामगावच्या तालमीची पोरं मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला निघाली, तेव्हा निम्म्या गावाला मिसर कुठं आहे तेच ठाऊक नव्हतं. उरलेलं निम्मं गाव ते मक्केच्या अलीकडं आहे की पलीकडं यावर भांडत होतं. झालं होतं असं, की इथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचे इस्कंदरियाच्या बाजाराशी जुने संबंध होते. तिकडं समुद्राकाठी कापूसवाल्यांचा मोठा जलसा भरणार होता. त्यात आपल्या वऱ्हाडी पोरांचा मल्लखांब व्हावा अशी त्यानं तिकडूनच चिठ्ठी पाठवली. राहणं-जेवण त्याच्याकडं, जाण्यायेण्याचं ज्याचं त्यानं पाहावं.

उस्ताद अर्जुनरावांनी कंबर कसली. मुंबईहून जहाजाच्या उघड्या डेकवर बसून सुएझपर्यंत जायचं, पुढं रेल्वेनं. सतरंज्या घरच्या, ज्वारीचं पीठ घरचं, शेंगदाण्याची चटणी उस्तादांच्या घरच्या कौशल्याबाईंची. वर्गणी जमली ती मोजून सहा जणांपुरती. मल्लखांबावरच्या मानवी मनोऱ्याला सहाच लागतात, तेव्हा सगळं जुळलं असं वाटलं. आणि मग जहाज कंपनीच्या माणसानं सांगितलं की बारा फुटी लाकूड ही काही पेटी-वळकटी नव्हे, त्याला मालाचं वेगळं भाडं पडेल. ते भाडं एका माणसाच्या तिकिटाइतकं!

"तिकडंच खांब करून घेऊ," कोणीतरी म्हणालं.

"तिकडं काय खजुरावर चढता का?" उस्ताद खेकसले. "आपल्या हाताले वळखीचा खांब लागते."

मग पाच जणांत भागवायचं ठरलं. कोणाला वगळायचं म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि हबीबची चिठ्ठी निघाली. पोरगं हसून "काही हरकत नाही" म्हणालं, पण घरी जाऊन दोन दिवस धड जेवलं नाही.

हबीब म्हणजे रज्जाक खरादीचा एकुलता एक. रज्जाक पाळण्याचे खांब, बाजेचे पाय, लाटणी असलं सगळं लाकूड फिरवून कातायच्या खरादावर उतरवायचा. त्याच्या हातचा पाय लावलेली बाज कधी कुरकुरली नाही. बायको नजमुन्निसा खरादाची दोरी ओढायची, हा पटाशी धरायचा. हबीबनं मात्र वीस वर्षांत त्या पटाशीला बोट लावलं नव्हतं. सातवी पास झालेला, कापसाच्या जिनात कारकून लागलेला गडी तो. भुशानं भरलेल्या बापाच्या शेजारून जाताना सदरा झटकायचा. रज्जाकला ते दिसायचं. तोंडाचा तिखट माणूस, पण त्या बाबतीत तो चूप बसायचा, आणि ते सलायचं त्याला.

तिसऱ्या दिवशी रज्जाक तालमीत जाऊन उभा राहिला.

"उस्ताद, खांब तीन तुकड्यांत करतो. जिनातल्या प्रेसच्या दांड्याले आटे असते ना, तसे लाकडात पाडतो. पिळून बसवा, आडवी खुंटी ठोका. उतरला का बोचक्यात बांधा."

कडूबा पहिलवान खो-खो हसला. "रज्जाकभाई, हे पोरगं टांगायचं काम हाय, पाळणा टांगायचं नाही!"

"कडूबा, पाळण्यात तर माणसाचं काळीज टांगलेलं असते बे," रज्जाक म्हणाला. "तुह्यापेक्षा जड असते ते."

महिनाभर तो आणि नजमुन्निसा खपले. आठव्या प्रयत्नात आटे जमले. खांब उभा राहिला, एरंडेल चोळलं, तेव्हा सांधा कुठं आहे हे बोटालाही कळेना. बघायला ही गर्दी लोटली, पण पहिलं चढायला कोणी पुढं होईना.

"माहा पोरगा चढंल," रज्जाक म्हणाला. 

हबीबनं बापाकडं एकदा पाहिलं आणि झेप घेतली. फिरकी घेतली, बगलीची पकड मारली, उलटा लटकला. मग दुसरा चढला, तिसरा चढला. शेवटी कडूबासुद्धा चढला. खांब जागचा हलला नाही.

"लिहा हबीबचं नाव!" उस्ताद गरजले. टाळ्या पडल्या. नजमुन्निसानं पदरानं डोळे पुसले.

खरं तर इथंच गप्प बसावं माणसानं. पोरगं चाललं होतं, अजून काय पाहिजे? पण रज्जाकला एक गोष्ट ठाऊक होती. श्रावणात गिऱ्हाइकं पाळणे घेऊन यायची, 'सांधा बसत नाही' म्हणून. लाकूड ओल पितं आणि फुगतं. इथं हवा कोरडी; जहाजावर आठ-दहा दिवस खारी ओली हवा.

"उस्ताद," तो म्हणाला, "तिकडं पोचेस्तोवर आटे फुगतीन. पटाशीनं सोलावं लागंल. कमी सोललं तं बसणार नाही, जास्त सोललं तं ढिलं होईल अन् कोणाची तरी मान मोडंल. सोबत खरादी पाहिजे."



"हे बरं झालं!" कडूबा म्हणाला. "भाडं वाचलं अन् माणूस वाढला."

उस्तादांनी मिशी चावली. "मंग तुम्हीच चला, रज्जाकभाई. तिकीट एकच हाय. पाचांचा मनोरा बसवू आपण."

रज्जाक मान खाली घालून उभा राहिला. आपल्याच हातानं पोराच्या ताटातला घास काढला होता त्यानं. पण खोटं सांधून पाठवणं त्याच्यानं होणार नव्हतं.

"उस्ताद, मले पंधरा दिवस द्या," मागून हबीब बोलला. "मी शिकतो."

रज्जाकचा पारा चढला. "पंधरा दिवसांत? मले बारा वर्सं लागले बे! पोरखेळ वाटला काय तुले?"

"सगळा खराद नाही, अब्बा. एवढे दोन सांधे शिकवा."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जिनातला कारकून सदरा काढून भुशात बसला. रज्जाकनं दया दाखवली नाही. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांतले तुकडे ओल्या पोत्यात गुंडाळून फुगवायचे आणि हबीबसमोर टाकायचे. पहिले तीन पोरानं वाया घालवले. चौथ्याला बोट कापलं. "डोये लाकडावर ठेव, हातावर कायले ठेवतं?" बाप ओरडायचा. दोरी ओढता ओढता नजमुन्निसा म्हणायची, "हळू बोला, अजी, पोरगं हाय आपलं." "म्हणूनच बोलून राह्यलो!" असं तो म्हणायचा.

पंधराव्या दिवशी फुगलेले सांधे हबीबनं एकट्यानं सोलले, खांब उभा केला आणि कोणी सांगायच्या आधी स्वतःच पहिला चढला. रज्जाकनं खालच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. खोट काढायची सवय त्याची, पण खोट सापडली नाही.

"बसला," एवढंच तो म्हणाला. 

पासपोर्टाचे अर्ज भरायला सगळे बुलढाण्याला कचेरीत गेले. मिसर पाहायला नाही तर निदान कचेरी पाहायला म्हणून रज्जाकही गेला. बाबू एकेकाला विचारून लिहीत होता. मनोऱ्यातल्या शालिग्रामनं 'विद्यार्थी' सांगितलं, कोणी 'शेती' सांगितलं. हबीबची पाळी आली.

"धंदा?" बाबूनं विचारलं.

"खरादी," हबीब म्हणाला.

शालिग्रामनं त्याला कोपर मारलं. "अबे, तू तं जिनात कारकून हायेस. तेच सांग, वजन पडते."

"कारकुनी जिनात करतो. पाच जणांच्या माना भरवशावर घेऊन चाललो, ते खरादी म्हणून," हबीब म्हणाला. "खरादी लिहा, साहेब. बापाचं नाव रज्जाक, तेही खरादी."

बाबूनं टाक बुडवून लिहिलं. मागं उभ्या रज्जाकला वाचता येत नव्हतं, पण पोराच्या खांद्यावरून वाकून तो त्या ओल्या शाईकडं बघत राहिला. मग त्यानं बाबूला विचारलं, "साहेब, हे कागद तिकडं मिसरात दाखवतीन ना? सगळ्यायले?"

"बंदरावर दाखवावाच लागतो, चाचा."

"दाखवा," रज्जाक म्हणाला, आणि त्या भरल्या कचेरीत, लोकांदेखत, ढसढसा रडला.