माझा पट्टा सुटला नव्हता

मित्रांनो, तुमच्या भाषेत पायात घालायच्या वस्तूला जोडा म्हणतात. मीही एक जुना जोडा आहे, लोखंडी. पण माझी जोड मात्र कधीच नव्हती. मी एकट्या डाव्या पायाचा. उजव्या पायाला माझ्यासारख्याची गरज पडत नाही, म्हणून जन्मापासून मी एकटाच. त्याचे मला दुःख नाही. माझे दुःख वेगळे आहे आणि तेच आज सांगायला बसलो आहे.

कॉल्डरबीच्या स्टेडियमवर दर गुरुवारी संध्याकाळी मोटारसायकलींच्या शर्यती होत. एका शर्यतीत चार स्वार, चार फेऱ्या आणि वळणे सगळी डावीकडची. त्या गाड्यांना ब्रेक नसतो. वळणावर गाडी आडवी घसरत जाते आणि स्वार डावा पाय तांबड्या बारीक खडीवर टेकवून तोल सांभाळतो. नुसता बूट असेल तर त्याचा तळ चार दिवसांत फाटेल. म्हणून बुटावर मला चढवतात आणि टाचेमागून चामड्याच्या पट्ट्याने आवळतात. मी घासत राहायचे आणि पाय शाबूत ठेवायचा, एवढाच आमचा करार.

मला विल्फआजोबांनी बनवले. आजोबांनी जन्मभर जहाजांच्या कारखान्यात बॉयलर जोडले होते. निवृत्त झाल्यावर ते घरामागच्या शेडमध्ये स्वारांसाठी जोडे बनवू लागले. मी क्लाइव्हसाठी बनलो. क्लाइव्ह अ‍ॅकलम हा त्यांचा जावई. त्याच्या जुन्या बुटात त्यांनी प्लॅस्टर ओतून साचा काढला, त्यावर पोलादी पत्रा तापवून तापवून ठोकला आणि तळावर वेल्डिंगचा जाड थर चढवला. शेवटी पितळी बक्कल बसवली. मग पट्टा आढ्याला अडकवून आजोबा स्वतः त्याला लोंबकळले. आजोबा काही किरकोळ अंगाचे नव्हते.

क्लाइव्ह दारात उभा राहून हसत होता. "विल्फ, मला शर्यत जिंकायचीय. जहाज बांधायचं नाहीय."

"जहाज बुडालं तर माणसं पोहून तरी येतात," आजोबा लोंबकळतच म्हणाले. "भर वेगात जोडा सुटला तर तुझा घोटा कुणी गोळा करायचा? माझ्या पोरीनं?"

त्या वर्षी देशभरातले चौदा स्वार आजोबांचे जोडे घालत होते. त्यांतल्या एकाचाही पट्टा कधी सुटला नव्हता. आजोबा स्वतःची बढाई मारणाऱ्यांतले नव्हते, पण ही एक गोष्ट ते चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर हमखास सांगत.

आता क्लाइव्हची अडचण सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच आले. या खेळात प्रत्येक स्वाराला दर सामन्याला मिळणाऱ्या गुणांची सरासरी काढतात. सात स्वारांची एक टीम, आणि सातही जणांच्या सरासरीची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेलेली चालत नाही. सगळे बलवान एकाच टीममध्ये जमू नयेत म्हणून हा नियम. हेतू चांगला आहे. पण त्यामुळे होते असे की, एखादा स्वार फार चांगला चालवू लागला की त्याच्याच टीमला तो परवडेनासा होतो. शाबासकी म्हणून घराबाहेर काढण्याची ही रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

क्लाइव्हने अठरा वर्षे लांबलांबच्या गावांसाठी गाडी चालवली होती. छत्तिसाव्या वर्षी त्याला स्वतःच्या गावाच्या टीममध्ये जागा मिळाली, ती त्याची सरासरी घसरली होती म्हणून. सहा जण ठरल्यावर जेवढी बारीक फट उरली होती, तिच्यात तो नेमका बसला. त्याची बायको जूडिथ हिने मार्चमध्येच त्याला बजावले होते. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी वर्तमानपत्रावर पडलो होतो.

"गावात जागा आहे तोवर चालव," ती म्हणाली. "पण पुन्हा तीनशे मैल गाडी हाकत जायचं आणि मी इथं फोनपाशी बसायचं, ते आता नाही. अठरा वर्षं बसले."

"गावात नसेल तर कुठंच नाही," क्लाइव्ह म्हणाला. "शब्द देतो."

म्हणजे कॉल्डरबीतली जागा गेली की त्याचे चालवणेच संपणार होते. तो माणूस चालता-बोलताना इतरांसारखाच होता, पण आतून कायम थरथरणारा त्याचा पाय गाडीवर बसला की शांत व्हायचा. हे मला माहीत आहे, कारण तो पाय माझ्यात असायचा.

एप्रिल पावसात गेला. तीन सामने रद्द झाले आणि आम्ही छपराखाली बसून राहिलो. मेपासून मात्र क्लाइव्ह असा काही चालवू लागला की त्याचे त्यालाच नवल वाटावे. जुलैत त्याने एका संध्याकाळी चारही शर्यती जिंकल्या. तिसऱ्या वळणावर दरवेळी उभ्या राहणाऱ्या बायका थर्मासमधला चहा सांडेपर्यंत ओरडायच्या. इतर स्वार पडले की खडीला, टायरला, पावसाला नावे ठेवत. नाचता येईना अंगण वाकडे, हे तिथेही चालतेच. क्लाइव्हने त्या सबंध उन्हाळ्यात कशालाच नावे ठेवली नाहीत. शुक्रवारी सकाळी आजोबा मला शेडमध्ये नेत, माझा झिजलेला तळ अंगठ्याने चाचपत आणि नवा थर देत. मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते आणि मला ते तेव्हाही कळत होते.

सप्टेंबरमध्ये टीमचा मॅनेजर डेस पिलिंग क्लाइव्हशेजारी येऊन बसला.

"जरा वाईट चालव की रे," तो म्हणाला.

"थट्टा करताय?"

"अर्धी. तुझी सरासरी सहाच्या आत राहिली तर पुढच्या वर्षी तुझी जागा पक्की. सहाच्या वर गेली की माझे हात बांधले. मग मला तू आवडतोस की नाही, हे कुणी विचारणार नाही."

"आणि आता जिंकायचं की नाही?"

"जिंकायचं तर," डेस म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी चषकाचा सामना होता, व्हिटलोच्या टीमशी. कॉल्डरबीने एकोणतीस वर्षांत चषक पाहिला नव्हता. शेवटची शर्यत उरली तेव्हा हिशेब असा झाला की आमचा जेप्पे पहिला आणि क्लाइव्ह दुसरा आला तरच चषक आमचा. जेप्पे हा डेन्मार्कचा, टीममधला सर्वांत वेगवान गडी. तो पहिला येणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

आजोबा माझा पट्टा आवळत होते. क्लाइव्हने खाली न पाहताच विचारले, "आज माझे किती झाले?"

"सात."

"पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक." तो सगळ्यांना पाठ असलेलीच गोष्ट बोलत होता. "आठवर थांबलो तर सहाच्या आत राहतो. नऊ झाले की गेलो."

आजोबांनी बक्कल लावली, एकदा हिसका देऊन पाहिली आणि म्हणाले, "पोरा, ते आत्ता मोजू नकोस."

सुरुवातीच्या रेषेवर ताणलेला दोर वर उडाला आणि चौघे सुटले. जेप्पे पुढे, क्लाइव्ह त्याच्या मागे, व्हिटलोचे दोघे त्यांच्याही मागे. तीन फेऱ्या असेच चालले. त्याचा पाय माझ्यात अगदी शांत होता. शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर, तो पाय एकदम ताठ झाला. क्लाइव्हने टाच खडीत रोवली आणि उजव्या हाताची मूठ सैल सोडली. गाडी बाहेर फेकली गेली. व्हिटलोचा एक जण आतल्या बाजूने निघून गेला. जेप्पे पहिला, क्लाइव्ह तिसरा.

तिथे गोष्ट थांबली असती तर ती फक्त क्लाइव्हची राहिली असती. स्वार चुकतात, त्याची कुणी चौकशी करत नाही. पण वेग कमी होत गाडी समोरच्या बाजूला पोचली, जिथे प्रेक्षक विरळ होते, तेव्हा क्लाइव्ह खाली वाकला आणि त्याने स्वतःच्या हाताने माझी बक्कल काढली. मी दोनदा आपटलो आणि खडीत पडलो. झेंडेवाला मला उचलून घेऊन आला तेव्हा क्लाइव्ह डेसपुढे उभा होता.

"जोडा सुटला," तो म्हणत होता. "वळणावर पट्टाच सुटला. पाय टेकवू कसा?"

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिले आणि मग आजोबांकडे. आजोबांनी हात पुढे करून मला घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि खरे सांगायचे तर फाशी मला नव्हतीच. मी लोखंड, मला काय होणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी चष्मा पुसून मला कामाच्या टेबलावर उलटे केले. पट्टा फाटला नव्हता. त्याचे भोक ताणले गेले नव्हते. बक्कलची जीभ सरळ होती, जशी त्यांनी बसवली होती तशी. ज्याने बॉयलरचे हजारो जोड तपासले त्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार? पट्टा हाताने सोडलेला होता. आजोबा बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसले. चहा निवला. मला वाटले, आता हे उठतील, क्लाइव्हला बोलावतील, दोन कानाखाली देतील आणि माझे नाव स्वच्छ होईल.

ते उठले खरे. त्यांनी पकड घेतली, माझ्या बक्कलची जीभ तिच्यात धरली आणि वाकवली. मग पट्ट्याच्या भोकात टोच्या घालून ते फाडले. स्वतःच्या हाताने केलेले काम त्यांनी स्वतःच्या हाताने बिघडवले.

रविवारी दुपारी ते मला क्लबच्या खोलीत घेऊन गेले. टीम जमली होती, डेस होता आणि क्लाइव्ह खिडकीपाशी होता. आजोबांनी मला टेबलावर ठेवले.

"बघून घ्या," ते म्हणाले. "बक्कल मऊ निघाली. माझी चूक. पोराला कुणी काही बोलू नका."

"असं होतं कधीकधी, विल्फ," डेस म्हणाला.

"माझ्याकडून होत नव्हतं," आजोबा म्हणाले. "आता होतं."

मी क्लाइव्हकडे पाहिले. बक्कल त्याने स्वतः सोडली होती. ती वाकली कशी, हे त्या खोलीत फक्त त्यालाच उमगले असणार. तोंड उघडायला त्याला तेवढी एकच वेळ होती. तो गप्प राहिला.

नोव्हेंबरमध्ये क्लबांचे मालक दरवर्षीप्रमाणे जमले आणि त्यांनी टीमच्या बेरजेचा आकडा आणखी खाली आणला. सहाच्या आत असून उपयोग नव्हता. आता पाचच्या आत हवे होते. डेसने फोनवर सांगितले, "मी शब्द दिला होता, पण आकडाच बदलला रे. वाईट वाटतं." तेलही गेले, तूपही गेले, हाती राहिले धुपाटणे. चषक व्हिटलोच्या कपाटात गेला, क्लाइव्हची जागा दुसऱ्याला मिळाली आणि जूडिथला दिलेला शब्द मोडण्याइतका धीर त्याच्यात उरला नव्हता. त्याने गाडी विकली आणि एका बेकरीच्या व्हॅनवर नोकरी धरली.

आणि आजोबांचे चौदा स्वार? बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, तरी त्यांच्यापैकी कुणीही आजोबांना टाकून बोलले नाही. फक्त हिवाळ्यात थर द्यायला दरवर्षी जे जोडे शेडमध्ये येत, ते त्या वर्षी आले नाहीत. एकाने नाताळच्या कार्डावर लिहिले की त्याला जवळच कुणी मिळाला आहे. दोघातिघांनी काहीच लिहिले नाही. मी त्यांना दोष देत नाही. भर वेगात सुटणारा जोडा कोण पायात घालील? जानेवारीत आजोबांनी वेल्डिंगच्या यंत्रावर जुनी चादर टाकली.

मार्चमध्ये हंगाम पुन्हा सुरू झाला. स्टेडियमवर सरावाच्या गाड्यांचे आवाज येत होते आणि ते शेडमध्ये स्पष्ट ऐकू येत. त्या दुपारी क्लाइव्ह आला. अंगात बेकरीचा कोट होता. मी खिळ्याला टांगलेला होतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"विल्फ, मला तुम्हाला सांगायचंय. त्या दिवशी पट्टा..."

"पट्टा जुना झाला होता."

"नव्हता झाला. तुम्हाला माहितेय नव्हता झाला. मी आज डेसला जाऊन सांगतो. सगळ्यांना सांगतो."

आजोबांनी हातातली कानस खाली ठेवली. "क्लाइव्ह, सगळ्या टीमला मी माझ्या तोंडानं सांगितलंय. आता मला खोटा पाडू नकोस. तेवढंच राहिलंय माझ्याकडे."

क्लाइव्ह स्टुलावर बसला आणि रडला. आजोबांनी त्याला रडू दिले. मग म्हणाले, "जूडिथला सांग, रविवारी जेवायला येतो."

त्याला चार वर्षे झाली. आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले. क्लबच्या लोकांनी फुले पाठवली. त्यांच्याबद्दल बोलताना सगळे म्हणाले, माणूस भला होता, शेवटी शेवटी हात राहिला नव्हता.

मित्रांनो, मला बोलता येत असते तर मी त्याच दिवशी बोललो असतो. भाजी करपली की कढईला, अक्षर बिघडले की पेनाला, उशीर झाला की घड्याळाला नावे ठेवणे सोपे असते, कारण वस्तू उलटून बोलत नाही. आम्ही सगळे सोसतो आणि सोसायलाच आहोत. पण तसे बोलण्याआधी एवढे विचारून बघा की ही वस्तू बनवली कुणी. बहुतेक वेळा तो माणूस जिवंत असतो, आणि बहुतेक वेळा तिथेच उभा राहून ऐकत असतो.