लेनी ब्रॅकेटला मिशी होती का?

बाळांनो, डोळे मिटा आणि एक मोठं तळघर डोळ्यांपुढे आणा. बाहेर अमेरिकेतल्या बफेलो शहराचा मार्च महिना, म्हणजे गुडघाभर बर्फ. आत चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबलं आणि तळलेल्या माशाचा खमंग वास. ईस्टरच्या आधी काही आठवडे दर शुक्रवारी मांस बंद, मासे मात्र चालतात, म्हणून अख्खी वस्ती इथे मासे खायला लोटलेली. आला वास? मग त्याच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दाराशी या. तिथे एक मुलगी लिंबं चिरत बसली आहे आणि तिचं तोंडही लिंबासारखंच झालं आहे.

ही टेस पावलाक, वय दहा. तिला लिंबांपाशी बसायचं नव्हतं. तिला आत, कढईजवळच्या रिकाम्या स्टुलावर बसायचं होतं.

आत तीन म्हातारे मासे तळायचे. एक तिचे आजोबा, ज्यांना ती जाजा म्हणे. दुसरे वॉलीकाका, तिसरे नॉर्बकाका. तळता तळता त्यांचा एक खेळ चाले. एकाने कुणा जुन्या खेळाडूचं नाव घ्यायचं. बर्फावरच्या हॉकीचा, बेसबॉलचा, कुठलाही चालेल, पण लोक विसरून गेलेला हवा. बाकीच्यांना त्याच्याबद्दल काही आठवलं, तर नाव पास. फोन काढायचा नाही. आणि कुणी चुकून मोठ्या, गाजलेल्या खेळाडूचं नाव घेतलंच, तर त्याने कढया घासायच्या. रिकामं स्टूल आणि खुंटीवरचा एप्रन नव्या खेळगड्यासाठी होता. त्याने आधी एक नाव पास करून दाखवायचं.

"जाजा, मी खेळू?" टेस दर शुक्रवारी विचारायची.

"तुझ्याकडे जुनं काय आहे गं? अजून दुधाचे दात पडतायत तुझे."

"हिला गेल्या वर्षीचा खेळाडूसुद्धा म्हातारा वाटतो," वॉलीकाका म्हणायचे.

एका शुक्रवारी मात्र टेस सुरी ठेवून सरळ आत आली आणि म्हणाली, "लेनी ब्रॅकेट. हॉकी."

लेनी हा शेजारच्यांचा कुत्रा. ब्रॅकेट हे तिच्या दातांच्या डॉक्टरांचं आडनाव. हे दोन तुकडे तिने शाळेच्या बसमध्ये जोडले होते.

कढईत तेल तडतडलं. "आठवत नाही" असं म्हणायची त्या तिघांपैकी एकाचीही तयारी नव्हती.

"ब्रॅकेट!" वॉलीकाका म्हणाले. "अरे, तो मिशीवाला!"

"मिशी कसली? दाढी होती," जाजा म्हणाले. "आणि डावखुरा होता."

"उजवा रे. तुझा चष्मा तेव्हाही असाच होता."

वस्तीत सगळ्यांत जास्त नावं नॉर्बकाकांना पाठ. पण आता त्यांच्या कढईतला मासा करपला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"लेनी ब्रॅकेट," ते हळूच म्हणाले. "असेल. तोच असेल. मी तुझ्याएवढा होतो, टेस. सामना संपल्यावर मागच्या दाराशी बर्फात उभा होतो. बडे बडे खेळाडू गाड्यांत बसून निघून गेले. हा एकटा थांबला. म्हणाला, 'अरे, तुझे बूट पार भिजलेत की!' आणि सामन्यात चेंडूऐवजी असते ती चकती खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली."

जाजांनी टेसला एप्रन बांधला. नाड्यांचे दोन वेढे बसले. ती स्टुलावर बसली, पण तिला वाटलं होतं तितकी मजा काही आली नाही.

पुढच्या शुक्रवारी नॉर्बकाकांनी एका जुन्या मोज्यातून ती काळी रबरी चकती आणली. कडा झिजल्या होत्या. "घे. लेनी ज्या पोरीला माहीत आहे, तिच्याकडेच राहू दे."

टेसने हात पुढे केला, मागे घेतला.

"काका, लेनी ब्रॅकेट नव्हताच. लेनी कुत्रा आहे. आणि डॉक्टर ब्रॅकेट माझे दात बघतात."

"म्हणजे मी कुत्र्याला मिशी लावली?" वॉलीकाका म्हणाले.

"आणि मी डॉक्टरला दाढी," जाजा म्हणाले. "निदान त्यांना दाढी आहे का गं?"

"नाही. त्या बाई आहेत."

वॉलीकाका इतके हसले की त्यांना झारा खाली ठेवावा लागला. नॉर्बकाका मात्र मोजा हातात धरून उभे होते.

"मग तो कोण होता?" ते म्हणाले. "मला शेकड्यांनी नावं आठवतात. पण ज्याने मला हे दिलं, त्याचंच नाव कधीतरी निसटलं. चेहरा येतो, बूट येतात, नाव येत नाही. तू लेनी म्हणालीस, आणि मला वाटलं, सापडला एकदाचा."

वॉलीकाकांनी झारा उचलला आणि मासा उलटला.

टेसने एप्रनची गाठ सोडली आणि तो खुंटीला टांगला. नाव पास झालं नव्हतं, मग स्टूलही तिचं नव्हतं. जाजांनी तिला अडवलं नाही.

"काका, केस कसे होते त्याचे?"

"लाल. आणि पुढचा एक दात नव्हता. एकच हंगाम होता तो इथे, मग गेला कुठेतरी."

टेसने एका हातात लिंबांची ताटली घेतली, दुसऱ्या हातात चकती, आणि ती बाहेर टेबलांकडे गेली. सगळ्यांत आधी कोपऱ्यातल्या कुबियाक आजींपाशी, कारण त्याच सगळ्यांत म्हाताऱ्या होत्या.

"आजी, लिंबू हवं? आणि लाल केसांचा, पुढचा दात नसलेला हॉकीवाला आठवतो का तुम्हाला? एकच हंगाम होता. मुलांचे भिजलेले बूट बघायचा."

आजींनी काटाचमचा खाली ठेवला. "दात नसलेला? बाळ, तेव्हाच्या हॉकीवाल्यांत दात होते कुणाला?"

टेसने त्यांच्या माशावर लिंबू पिळलं आणि तोच प्रश्न घेऊन ती पुढच्या टेबलाकडे वळली.